दीड एमबीत पेटी-तबला

जनरल मिडी म्हणजे संगणकाने वाद्यं वाजवण्याचं एक प्रमाण. त्याच्या १९९१ सालच्या यादीत १२८ आवाज आहेत. त्यात सतार आहे, सनई आहे, हेलिकॉप्टर आहे, बंदुकीची गोळीसुद्धा आहे. पेटी नाही. तबलाही नाही.

मुलीला तबल्याच्या रियाजाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून लागते, मी पेटी काढली की मला ठेका लागतो, आणि आमच्या वेळा काही जुळत नाहीत. मिडीत आवाज नसतो, कोणता सूर कधी वाजवायचा याच्या नोंदी असतात; त्याचं बरं असं की लय वाढवली तरी पट्टी ढळत नाही. घरात एक रास्पबेरी पाय झीरो हा छोटासा संगणक पडून होता, त्यावर त्या नोंदी वाजवणारा फ्लुइडसिंथ हा प्रोग्राम टाकला. सोबतीला फ्लुइडआर३ हा साउंडफॉन्ट (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची फाइल), १४० एमबीच्या आसपासचा. पायची मेमरी ५१२ एमबी. एवढं सगळं भरून घ्यायचं आणि शेवटी लेहरा वाजवायचा यादीतल्या 'रीड ऑर्गन'वर! पहिलं आवर्तन ऐकून मुलगी म्हणाली, "बाबा, चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतंय."

मग पेटी-तबल्याचा साउंडफॉन्ट स्वतःच करायचं ठरवलं. आजोबांची पेटी माळ्यावरून खाली आली. रविवारी पहाटे, पंखा बंद करून, ३७ पट्ट्या प्रत्येकी पाच सेकंद रेकॉर्ड केल्या. मोनो, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. एकट्या पेटीचेच १६ एमबी झाले. दर तिसरी पट्टी ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. प्रत्येक सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला सूर, एक सूर खाली, एक सूर वर एवढंच ताणलं जातं, तेवढं कानाला कळत नाही. १३ सॅम्पल उरली.

खरा वेळ खाल्ला तो लूपने. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, म्हणून सॅम्पलचा एक तुकडा पुन्हापुन्हा फिरवावा लागतो. पॉलिफोन या साउंडफॉन्ट बनवायच्या प्रोग्राममध्ये लूपची टोकं कुठेही धरा, घूंव-घूंव ऐकू यायचं. तीन संध्याकाळी मी भात्याला दोष देत बसलो. कारण निघालं वेगळंच. मी खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मधल्या सप्तकाची) अशा दोन्ही रीड्स, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, एकदम वाजवल्या होत्या. त्या एकमेकींशी अगदी काटेकोर जुळलेल्या नसतात, त्यामुळे आवाज सावकाश हेलकावतो, आणि माझा लूप तो हेलकावा मधेच तोडत होता. खर्ज बंद करून सगळं परत रेकॉर्ड केलं. एकट्या रीडची लहर इतकी सारखी येते की थोड्याशा कंपनांचाही लूप बिनबोभाट बसतो. सॅम्पल ०.७ सेकंदावर आलं, तेराही मिळून ०.८ एमबी. मग खर्जासाठी तीच सॅम्पल १२ पट्ट्या वर सरकवून (म्हणजे पट्टी दाबली की तिच्या खालच्या सप्तकातला सूर वाजतो), दोन-चार सेंट (दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हलवून, दुसऱ्या थरात लावली. हेलकावा परत आला आणि फाइल एका बाइटनेही फुगली नाही म्हटलं तरी चालेल.

तबल्याला लूपची भानगड नाही. 'धा' आणि 'धिं' रेकॉर्डच केले नाहीत. ना आणि घे एकदम वाजले की धा होतो, तिं आणि घे एकदम वाजले की धिं. डग्ग्यात वरच्या कंपनांचं फारसं काही नसतं, म्हणून तो २२,०५० हर्ट्झवर उतरवला, जागा निम्मी. 'ना'ला तेच करून पाहिलं तर चाटेवरची (तबल्याच्या कडेवरची) धारच गेली, तो होता तसा ठेवला. एक गोष्ट मुलीने पकडली: घे घुमत असताना क वाजला तरी घुमारा चालूच राहतो, हाताने दाबल्यासारखा थांबत नाही. त्याला साउंडफॉन्टमध्ये 'एक्सक्लुझिव्ह क्लास' आहे, ज्याने ड्रमसेटमधला बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) उघड्या हाय-हॅटला गप्प करतो. डग्ग्याच्या बोलांना एक क्लास दिला, दायाँला मुद्दाम दिला नाही, नाहीतर ना वाजताच तिंची आस तुटली असती.

सगळं मिळून दीड एमबीच्या आत बसलं. तंबोरा घेतला नाही. चार तारांचं पूर्ण आवर्तन ठेवायचं तर तो एकटाच पाच सेकंद मागतो, आणि फोनवर तंबोरा आहेच.

एक मात्र झालं. सॅम्पल सुरात लावताना मध्य सप्तकातला कोमल निषाद नऊ सेंट उतरलेला दिसला, तो फाइलमध्ये दुरुस्त केला. इतकी वर्षं खऱ्या पेटीत तो कधी जाणवला नव्हता. आता रोज खुपतो. पेटी दुरुस्तीला टाकायची आहे.