पाऊस नाही, मग पाणी कुठलं?

यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बडोद्यात पावसाचा पत्ता नव्हता. मी आठवीला विज्ञान शिकवते. दांडिया बाजाराजवळची शाळा. वर्गात अर्धी मुलं मराठी घरांतली, अर्धी गुजराती. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फूट गाठले, तेव्हा यातल्या काहींच्या घरांत पाणी शिरलं होतं. त्यामुळे वरसादी कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेणारा नाला, हे त्यांना शिकवावं लागत नाही. सांगावं लागलं ते वेगळंच: गटाराचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, पण पावसाच्या लाइनमधलं कुठेही न थांबता थेट नदीत, तिथल्या मगरींच्या अंगावर.

रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरची भुकटी, शेण, गुटख्याच्या पुड्या, सगळं पहिल्या सरीबरोबर वाहून जातं. म्हणून पावसाआधीच शाळेच्या गल्लीतल्या, पावसाच्या लाइनवरच्या जाळ्या साफ करायचं मुलांनी ठरवलं होतं. काम निम्मं झालं असेल, तेवढ्यात एक मुलगी जाळीवर वाकून म्हणाली, "मॅडम, पाऊस तर पडलाच नाही. मग खाली पाणी कसं वाहतंय?"

झाडू तिथेच थांबले.

कोरड्या दिवसांत पावसाची लाइन कोरडीच हवी. पाणी असेल तर बहुधा कुणीतरी आपला पाइप तिला जोडलाय. टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पट्ट्या माझ्याकडे होत्याच. सामू (pH) ८-९ च्या आसपास गेला की हळद लाल होते. सुतळीला चिमट्याने पट्टी लावून खाली सोडली. वर आली ती लालसर. म्हणजे बहुतेक साबण.

मुलांचा निकाल तयारच होता: कोपऱ्यावरचा फरसाणवाला. त्याची भांडी, त्याचा साबण. मी म्हटलं, उताराच्या उलट चालत जाऊ. शिपाईकाका झाकणं उचलत होते, मुलं हातभर लांब उभी राहून आत बघत होती. फरसाणच्या दुकानापुढच्या चेंबरमध्ये पाणी. दुकानाच्या वरच्या अंगाला, आमच्या फाटकाशी, तिथेही पाणी. त्याच्या वरचं चेंबर ठणठणीत कोरडं.

कुणीच बोलेना. सगळे शाळेच्या इमारतीकडे बघत होते.

मग हळदीचं पाणी बादल्यांत कालवलं. मुतारीत ओतलं, काही नाही. हात धुवायच्या नळाखाली ओतलं, काही नाही. प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये ओतलं आणि फाटकावरून ओरड आली, "आलं, पिवळं आलं!" आचार्यसाहेब, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, गलका ऐकून खाली आले. जाळीत डोकावून म्हणाले, "बेन, आ तो आपणुं ज छे." हे तर आपलंच!

प्रयोगशाळा मागाहून बांधलेली. तेव्हाच्या प्लंबरने जो पाइप जवळ सापडला त्याला बेसिन जोडून दिलं असणार. यात कुणाचा कट नाही, चार मीटर पाइप वाचवणं एवढंच. साबणाचं ठीक, पण मला आठवला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. दहावीचे प्रयोग झाले की निळं पाणी याच बेसिनमध्ये ओतलं जायचं. द्राक्षबागेत बुरशी मारणारं ते तांबं पाण्यातल्या मासळीला आणि गोगलगायींना जड जातं. मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग लोखंडी खिळे टाकून तांबं काढून घेतलं तर?" पाठ्यपुस्तकातलाच विस्थापनाचा, म्हणजे लोखंडाने तांब्याची जागा घ्यायचा प्रयोग, पण तो असा वापरायचं मला सुचलं नव्हतं. आता मोरचुदाचं पाणी खिळे टाकलेल्या बरणीत जातं.

बेसिनची जोडणी आठवड्याभरात गटाराला वळवली. आचार्यसाहेबांनी खर्चाबद्दल थोडी कुरकुर केली, पण आठवीची मुलं ऑफिसच्या दाराशी उभी असताना ती फार वेळ टिकली नाही.

राहिला फरसाणवाला. त्याच्यावर सगळ्यात आधी बोट दाखवणारी मुलगीच त्याला सांगायला गेली, की काका, पाणी आमच्या शाळेचं होतं. तो खूश. म्हणाला, "तो अमारी चोकडी पण जोई लो ने!" मग आमची मोरीही बघून घ्या ना! भांडी घासायच्या त्या चोकडीत आमची हळद ओतली. खालच्या जाळीत पिवळं पाणी उतरलं.

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. आमच्या प्लंबरचा नंबर मागून घेतला आणि दोन्ही कामांचा मिळून भाव त्यानेच पाडून घेतला.