अभ्यासगटासाठी शास्त्रभाग निवडताना

आमच्या बायबल अभ्यासगटात आम्ही नऊ जण. आठवड्यातून एकदा जमतो, दीड तास बसतो. कोणता शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, घ्यायचा हे जे दादा ठरवायचे ते दुसरीकडे राहायला गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. मला ते सोपं वाटलं होतं. आशा, क्षमा, विश्वास असा एखादा विषय धरायचा आणि त्यावर पाच-सहा वचनं वेगवेगळ्या पुस्तकांतून काढायची. पहिले दोन महिने मी तेच केलं. सगळे वाचायचे, माना डोलवायचे, ‘किती धीर देणारं वचन आहे’ म्हणायचे आणि वीस मिनिटांत बोलणं आटपायचं. उरलेला वेळ मीच बोलत राहायचे.

मग यिर्मया 29:11 ची, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाच्या अकराव्या वचनाची पाळी आली. बाबेलात बंदिवासात नेलेल्या यहूदी लोकांना त्याने लिहिलेल्या पत्रातलं हे वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं परमेश्वर सांगतो, ते वचन. गटातल्या एका काकांची नोकरी जाऊन सात महिने झाले होते. त्यांना उभारी यावी म्हणून मी ते मुद्दाम निवडलं होतं. काकांनी आपलं बायबल उघडलं, बोट एक ओळ वर नेलं आणि माझ्या कागदावर नसलेलं दहावं वचन मोठ्याने वाचलं. बाबेलात 70 वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असं तिथे आहे. काका म्हणाले, “म्हणजे ज्यांच्या हातात हे पत्र पडलं, त्यातले बरेचसे तिथेच वारले असणार.” मी गप्प झाले. त्यांना धीर द्यायला निघाले होते, पण वचन पुरतं वाचायचे कष्टही मी घेतले नव्हते. याचं मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन अख्खं पत्र वाचलं. बंदिवासात नेलेल्या लोकांना तिथे घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलंय. लवकर सुटका होईल म्हणणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, हेही तिथेच आहे. पुढच्या आठवड्यात पहिल्यापासून चौदाव्या वचनापर्यंत सगळं घेतलं. त्या दिवशी काका तासभर बोलले. सुटका लांब असताना घर बांधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर चांगलाच वाद झाला आणि मला मध्ये बोलावं लागलं नाही.

तेव्हापासून सुटी वचनं निवडणं मी सोडलं. पण मग उतारा कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा? अध्याय धरून चालले तर तिथेही फसगत व्हायची. आज आपण वापरतो ते अध्याय 13 व्या शतकात पडले, स्टीफन लँगटन या इंग्लंडमधल्या आर्चबिशपांच्या नावावर ते सांगितले जातात. नव्या करारातले वचनांचे आकडे तर रोबेर एतिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. मूळ लिहिणाऱ्यांनी यातलं काही केलं नव्हतं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत आपण ‘त्रेपन्नावा अध्याय’ म्हणून वाचतो, पण ते 52:13 लाच सुरू होतं. सेवक उंचावला जाईल हे आधी सांगून मग त्याचं दुःख येतं. त्रेपन्नपासून वाचलं तर ते हातून निसटतं.

सगळ्यात जास्त शिकवलं लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायाने. उधळ्या पुत्राचा दाखला आम्ही नेहमी अकराव्या वचनापासून घ्यायचो आणि बापाने परत आलेल्या मुलाला मिठी मारली की चर्चा तिथेच संपायची. एकदा पहिल्या दोन वचनांपासून सुरुवात केली. जकातदार आणि पापी लोक येशूजवळ येताहेत आणि धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी व ते शिकवणारे शास्त्री कुरकुर करताहेत. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा हे तिन्ही दाखले त्या कुरकुरीला दिलेलं उत्तर आहे. मग घरीच राहून राबलेला आणि धाकट्यासाठी दिलेल्या मेजवानीला रागाने आत न जाणारा थोरला भाऊ वेगळाच दिसायला लागला. बाप त्याला समजावत बाहेर उभा आहे आणि तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आमच्यातली एक ताई, आईवडिलांचं सगळं करणारी, हळूच म्हणाली, “मी अजून अंगणातच उभी आहे.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

मधे पौल या प्रेषिताने रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं रोमकरांस पत्र सलग घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. पौलाचा युक्तिवाद लांब चालतो, आठवड्याच्या खंडाने धागा तुटतो आणि ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलत राहतात. ते पत्र वाईट निवडलं असं नाही, पण आमचा गट तेव्हा नवा होता. म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाकडे वळलो. सोळाच अध्याय, छोटे प्रसंग आणि माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात. पण इथेही कापताना जपावं लागतं. पाचव्या अध्यायात सभास्थानाचा अधिकारी याईर याची मुलगी मरणाच्या दारात आहे, तिला बरं करायला येशू निघालाय आणि वाटेत रक्तस्रावाने पीडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. ही दोन वेगळी सत्रं करायचा मोह होतो. मी वचन 21 ते 43 एकत्रच ठेवलं. बाईचं दुखणं 12 वर्षांचं, मुलगीही 12 वर्षांची. त्या बाईला येशू ‘मुली’ म्हणतो आणि तो बोलत असतानाच याईराला आपली मुलगी गेल्याचा निरोप येतो. मी एकच प्रश्न नेला होता: येशू थांबून त्या बाईशी बोलत होता तेव्हा याईर काय करत असेल? कधीच न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “मी असतो तर त्या बाईवर ओरडलो असतो.” तिथून गाडी जी सुटली ती वेळ संपली तरी थांबेना.

आता निवड करताना मी उतारा आधी मोठ्याने वाचते. वाचायला पाच मिनिटांहून जास्त लागत असेल तर गटासाठी तो बहुधा लांब आहे. मग स्वतःला विचारते, मला खरोखर माहीत नाही असं यात काय आहे? काहीच सापडलं नाही, म्हणजे उत्तर आधीच माझ्या खिशात असलं, तर त्या आठवड्यात तो उतारा ठेवून देते. योनाचं पुस्तक म्हणूनच मला आवडतं. चारच अध्याय, महिन्याभरात होतं आणि शेवटी देव निनवे नगरातल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि गुराढोरांची दया मी करू नये का, असा प्रश्न विचारतो, त्यावर योनाचं उत्तरच लिहिलेलं नाही.

जड उतारे मात्र न सांगता पुढ्यात टाकत नाही. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बाईवर झालेला अत्याचार आहे. तो घ्यायचा का, हे मी प्रत्येकाला आधी एकेकटं विचारलं. दोघींनी नको म्हटलं, म्हणून घेतला नाही. कारण विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका ताईंचा भाऊ गेला. मी स्तोत्र 23, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे धीराचं स्तोत्र, काढून ठेवलं होतं. त्यांनीच निरोप पाठवला, “88 घेऊ या.” ते स्तोत्र शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहतं, इतर बहुतेक विलापस्तोत्रांसारखी शेवटी स्तुती येत नाही. मी धास्तावले. सवयीने सोबत एखादं आशेचं वचन जोडावंसं वाटलं, पण जोडलं नाही. आम्ही ते दोनदा वाचलं, एकदा त्यांनी, एकदा मी. चर्चा जवळजवळ झालीच नाही. निघताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळीही हेच ठेव.”