दोन मिलिमीटर

खालच्या खोलीतल्या सागवानी कपाटाच्या उजव्या दारावर आज रंधा मारला. दोन मिलिमीटर, फार तर सव्वादोन. दार आता अलगद मिटतं. मिटलं की पोटात खड्डा पडतो.

परवा पहिले पाहुणे. दोन्ही दारं मधोमध एकमेकांना अडत होती आणि रंधा हाताशी होता. कारण म्हणाल तर एवढंच.

रंध्याआधी काय करायचं ते सगळं पाठ आहे, हेच जास्त लागतंय. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार ओघळतं आणि एका कोपऱ्यातच घासतं, म्हणून आधी स्क्रू बघायचे. मग कडेला खडू फासून दार मिटायचं. जिथे पुसला जाईल तिथे अडतंय. खडू वरपासून खालपर्यंत सारखा पुसला गेला. म्हणजे बिजागरी निर्दोष, लाकूड फुगलेलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. दिलहे, म्हणजे दाराच्या चौकटीत मधे असतात त्या फळ्या, खाचेत मोकळे बसवतात ते त्यासाठीच, आतल्या आत फुगोत बापडे. पण दोन दारांच्या चौकटींच्या चार उभ्या पट्ट्या, प्रत्येक साडेसात सेंटीमीटर रुंद, म्हणजे एकूण 30 सेंटीमीटर. सागातला ओलावा 10 टक्क्यांवरून 14 वर गेला की तेवढ्या रुंदीला दोन मिलिमीटरच्या आसपास वाढ होणारच. नेमकी तेवढीच मी तासून काढली. हिशेब अचूक, उत्तर चुकलेलं.

ओलावा भिंतीतला. जुना सिमेंटचा गिलावा फोडून चुन्याचा केला, ते योग्यच होतं. सिमेंटमागे ओल कोंडून लोणा, म्हणजे पांढरे क्षार, फुटला होता. एक भाग चुना, तीन भाग वाळू, दोन थरांत मिळून 20 मिलिमीटर. वरून हात फिरवला तर खडखडीत. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पक्का होतो, ढोबळमानाने महिन्याला एक मिलिमीटर, आणि आतलं पाणी खोलीत येत राहतं. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर 24 तास ठेवायचा. आतून घाम आला तर लाकडी सामान आत आणायचं नाही. घाम आला होता. तरी कपाट आणलं, आणि बोटभर फटसुद्धा न ठेवता भिंतीला टेकवलं. दिसायला छान दिसत होतं ना.

मावशींना सांगायचं का, ते नंतर बघू.

खुर्च्यांचे सांधे गरम पाण्याने सरस मऊ करत सोडवले, सांध्यात बसणारं एक कुसू मोडलं नाही. टेबलावरचे पेल्यांचे पांढरे डाग स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा भरभर फिरवून घालवले, खालचं लाखेचं पॉलिश तसंच राखलं. ते कोण बघतंय? सरस पुन्हा मऊ होतो, पॉलिश पुन्हा चढतं. रंध्याखालून गेलेलं लाकूड गेलं. हवा कोरडी पडली की दारं आक्रसतील आणि मधोमध दोन मिलिमीटरची फट उभी राहील, वरपासून खालपर्यंत. दोन मिलिमीटर! अंथरुणात पडूनही तीच दिसतेय.

मघाशी टॉर्च घेऊन पुन्हा गेले. डाव्या दाराची कड नीट पाहिली तर तिच्यावरही रंध्याच्या खुणा, काळ्या पडलेल्या. आणि वरच्या बिजागरीमागे पुठ्ठ्याची बारीक पट्टी, तपकिरी झालेली. म्हणजे आपल्याआधीही कुणाकडे तरी परवा पाहुणे येणार होते. हसूच आलं.

पुठ्ठ्याचा उपाय मात्र चोख आहे. बिजागरी सोडवून मागे एक मिलिमीटरचा तुकडा घातला की दार तेवढंच मधे सरकतं. दोन्हीकडे घातला की झाले दोन. पण आत्ता नाही, लाकूड सुकून फट पडल्यावर. उद्या फक्त उघड्या पडलेल्या फिकट कडेवर लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात, किंचित गडद रंग मिसळून, आणि कपाट भिंतीपासून पाच सेंटीमीटर पुढे.

पाहुणे बहुतेक एवढंच विचारतील, की मोबाइल कुठे लावायचा. प्लग कपाटामागे आहे. पाच सेंटीमीटरमधून हात जात नाही, आत्ताच घालून पाहिला.