मोंतोनेत आठवडाभर: पायऱ्या, फ्यूज आणि एक सूर्यघड्याळ

आईच्या दोनच अटी होत्या. गुडघ्यांना त्रास होणार नाही अशी जागा आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना मारले गेलेल्या यशवंत घाडगेंचं स्मारक. दुसरी पुरी झाली.

मोंतोने हे इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं टेकडीवरचं तटबंदीचं गाव, पेरूजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. गल्ल्या दगडी, चढ उभा, आणि तटाच्या कठड्यावरून खाली ऑलिव्हची झाडं नि शेतं. गेल्या सप्टेंबरात आम्ही पाच जणांनी इथं आठवड्यासाठी घर घेतलं. हंगामात बरीच घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, म्हणून विमानाची तिकिटं घराआधी काढू नका. आम्ही काढली आणि एक रात्र पेरूजातल्या हॉटेलात फुकट घालवली.

गाडीशिवाय इथं अडचणच. टेकडीखालच्या उंबेर्तीदे गावापर्यंत छोटी रेल्वे आहे, पण टेकडी उरतेच. रोमच्या विमानतळावरून अडीच-तीन तास लागले. ई-४५ या रस्त्याला टोल नाही, खड्डे मात्र आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर हात बसलेल्यांना घरच्यासारखं वाटेल. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि अनामतीसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड ठेवा. गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर माझं डेबिट कार्ड चाललं नाही. बायकोचं क्रेडिट कार्ड होतं, पण ती चालक नव्हती. तासभर रुसवेफुगवे. शेवटी गाडी तिच्या नावावर झाली आणि पहिला दिवस तिनेच चालवली.

जाहिरातीत ‘दोन शयनकक्ष, सुंदर देखावा’ एवढंच असतं. विचारायचं ते हे: गाडी लावायच्या जागेपासून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि न्हाणीघर कितव्या मजल्यावर? जुनी घरं उभी असतात, एकावर एक खोल्या रचलेल्या. आमचं स्वयंपाकघर खाली, न्हाणीघर सगळ्यात वर. आईने दुसऱ्या दिवशी खालच्या सोफ्यावर मुक्काम ठोकला. गाडी तटाबाहेरच ठेवायची. ‘झेडटीएल’ (बाहेरच्या गाड्यांना मज्जाव) अशी पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरे असतात आणि दंड काही महिन्यांनी पुण्याला येतो.

भाड्याशिवाय शेवटची साफसफाई, अनामत आणि काही गावांत पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो, तो आधीच विचारून घ्या. जाहिरातीत ‘सीआयएन’ हा नोंदणी क्रमांक आहे का बघा. २०२५ पासून तो दाखवणं बंधनकारक आहे. मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागतो. घाबरू नका, पाहुण्यांची माहिती त्याला पोलिसांकडे कळवावी लागते.

आता विजेचं. साध्या इटालियन घराला साधारण ३ किलोवॅटचाच जोड असतो. ओव्हन आणि वॉशिंग मशीन चालू असताना मी चहाला किटली लावली, आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या मीटरपर्यंत टॉर्च घेऊन जावं लागलं. शेजारच्या सिन्योरांनी बोट वर करून समजावलं, ‘उना अल्ला वोल्ता’, एका वेळी एकच. पुढे तो आमच्या घराचा नियमच झाला.

दुपारी एक ते चार दुकानं बंद. म्हणून सकाळीच उंबेर्तीदेला खाली उतरून बाजार करायचा. बुधवारी तिथं आठवडी बाजार भरतो. उंब्रियातला पाव अळणी असतो, त्याला दोष देऊ नका. त्यापेक्षा तोर्ता अल तेस्तो मागा, तव्यासारख्या जाड तेस्तोवर भाजलेली गव्हाची पोळी. ‘जाड दशमीच की,’ आईचा निकाल. त्रासिमेनो तळ्याकाठची फाजोलिना म्हणजे छोटी चवळीच, आणि ‘फारीना दी चेची’ म्हणजे बेसन. पिठलं तीनदा झालं. मोहरी-हिंग घरून न्या, तूप-पेढे मात्र नाही, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजमध्ये ‘काल्यो’, म्हणजे दूध गोठवणारं रेनेट, कसला आहे ते विचारा. पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये तो बहुधा प्राण्यांचा असतो.

घाडगे रायगडच्या माणगाव तालुक्यातले, वय २२. १० जुलै १९४४ ला, टायबरच्या याच खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीतल्या त्यांच्या तुकडीचे इतर सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर चालून गेले. ग्रेनेड फेकला, गोळी घातली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने झुंजले. शेवटी शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्या स्मरणार्थ मोंतोनेत २०२३ साली सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, सगळे एकाच सूर्याखाली. आई माणगावची, लहानपणी तिथं त्यांच्या पुतळ्यापुढून शाळेत जायची. चढ चढून आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘सावली बरोबर आहे का बघ रे.’ मी घड्याळ बघितलं. एका तासाने मागे होती, उन्हाळी वेळेमुळे.

निघायच्या आदल्या रात्री कचरा वेगळा करायला वेळ ठेवा: ओला, काच, कागद, प्लास्टिक, प्रत्येकाचा वार वेगळा. आम्ही काचेच्या बाटल्या चुकीच्या दिवशी ठेवल्या. सिन्योरांनी त्या मुकाट्याने आत घेतल्या.