सोलापूरच्या उन्हात परवडणारा परदेशी पक्षी : माझा अनुभव

परदेशी जातीचा प्राणी कमी खर्चात पाळायचा म्हटले की बहुतेक जण आधी दुकानातली किंमत विचारतात. सोलापुरात राहणाऱ्याने त्याआधी एप्रिल आणि मे हे दोन महिने डोळ्यांपुढे आणावेत, असे मी अनुभवाने सांगतो. प्राणी विकत घेण्याचे पैसे एकदाच जातात. पारा ४२ अंशांच्या वर चढलेला असताना तापलेल्या स्लॅबच्या घरात त्या जिवाला सुखरूप ठेवण्याचा खर्च मात्र दरवर्षी येतो, आणि तो न झेपल्यास त्याची झळ आपल्याला नव्हे तर त्या मुक्या जिवाला लागते.

मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो. घरी पत्नी, सातवीत शिकणारी मुलगी आणि दम्याचा त्रास असलेली आई आहे. मुलीला पाळीव प्राणी हवा होता आणि तोही कुत्र्या-मांजरापेक्षा वेगळा. सुरुवातीला पाच हजार रुपये आणि पुढे दरमहा तीनशे रुपये, यापलीकडे आमच्या घराला जाता येणार नव्हते. या चौकटीत कोणता प्राणी बसतो हे शोधण्यात पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ गेला, आणि तो काळ घेतला हे फार बरे झाले.

सर्वांत स्वस्त सल्ला सर्वांत आधी आला. गावाकडच्या एका नातेवाइकाने राघूचे पिल्लू आणून देण्याची तयारी दाखवली आणि दुसऱ्या एकाने घरात स्टार कासव असले की बरकत येते असे सांगितले. दोन्हींना मी स्पष्ट नकार दिला. राघू, मैना, मुनिया, स्टार कासव हे सारे आपल्याच देशातले वन्यजीव आहेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे आणि त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातला राघू सर्रास दिसतो म्हणून तो चालतो, हा समज आपण सोडून दिला पाहिजे. ज्या जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, त्या जिल्ह्यातल्या माणसाला रानातला जीव घरात डांबण्याचे दुष्परिणाम वेगळे सांगावे लागू नयेत.

परदेशी जातींनाही नियम आहेत, ही माहिती मला वाचनातून मिळाली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या परिशिष्टांत ज्या जाती आहेत, त्यांचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत झाला असून, असा प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते. सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव हे पोपट, बॉल पायथन हा अजगर, इग्वाना हा मोठा सरडा हे सगळे त्यात येतात. त्यांच्या किमती आमच्या आवाक्यात नव्हत्याच; तरीही समजा एखादा सन कोन्युअर कोणी फुकट दिला असता, तरी कागदपत्रांवाचून तो घेतला नसता. पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती या परिशिष्टांत आहेत. बजरीगर, कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड या लहान पोपटांना मात्र त्यातून वगळलेले आहे. लव्हबर्ड घेणाऱ्याने येथे जपावे, कारण फिशर लव्हबर्ड दिसायला जवळचा असला तरी तो परिशिष्टात आहे.

यानंतर मी प्रत्येक प्राण्यासाठी वहीचे एक पान राखले आणि त्यावर मूळ प्रदेश, सोसणारे तापमान, आयुष्य, खाणे आणि उपचार असे रकाने आखले. मूळ प्रदेशाचा रकाना भरू लागलो तेव्हा निम्मी निवड आपोआप झाली. गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला प्राणी आहे. तो स्वभावाने अतिशय गरीब असतो आणि मुलीला तो मनापासून आवडला होता. पण तीस अंशांच्या आसपासच त्याला उष्णतेचा त्रास सुरू होतो, त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने ते रोज खाण्यातून द्यावे लागते, आणि तो एकटा राहू शकत नसल्याने दोन घ्यावे लागतात. आमच्या घरात त्याला वाचवायचे तर मार्चपासून जूनपर्यंत वातानुकूलन चालवावे लागले असते. सशाची आणि हॅमस्टरची गोष्टही उन्हाच्या बाबतीत वेगळी नाही. शिवाय हॅमस्टर रात्री जागणारा आणि दोन-तीन वर्षांत संपणारा जीव आहे.

दुकानात लहानशा काचपात्रात ठेवलेली, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली कासवे फार स्वस्त मिळतात. विकत घेताना ती तळहाताच्या मध्यात मावतात, मात्र ती वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि वीस-तीस वर्षे जगतात. त्यांना मोठी टाकी, गाळणयंत्र आणि अतिनील किरणांचा दिवा लागतो. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे शेकडो लिटरची टाकी वरचेवर बदलणे म्हणजे घरातल्या माणसांच्या पाण्यात वाटेकरी आणणे आहे. मोठे झालेले कासव सांभाळता आले नाही म्हणून ते सिद्धेश्वर किंवा कंबर तलावात सोडणे हा तर त्याहून मोठा अपराध आहे, कारण अमेरिकेतली ही जात जगातल्या सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींत गणली जाते आणि स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते. माशांचा विचार केला होता, पण मुलीला आवाज देणारा आणि ओळख ठेवणारा सोबती हवा होता, म्हणून ते पान लवकर मिटले.

पक्ष्यांकडे वळल्यावर ऑस्ट्रेलिया हा देश पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. बजरीगर आणि कॉकाटील हे दोन्ही तेथलेच पक्षी आहेत. विशेषतः रानटी बजरीगर तेथल्या कोरड्या, गवताळ अंतर्भागात थव्याने राहतात, गवताचे बारीक बी खातात आणि दुपारच्या कडक उन्हात झाडाच्या सावलीत निश्चल बसून राहतात. सोलापूरच्या माळरानाचे वर्णन वाचतो आहोत असे मला वाटले. १८४० च्या सुमारास इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या, त्यामुळे आज बाजारात मिळणारा बजरीगर रानातून पकडून आणलेला नसतो, हाही माझ्या दृष्टीने मोठा दिलासा होता.

कॉकाटील अधिक माणसाळतो, पण त्याची किंमत अनेक पटींनी जास्त, आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे आणि त्याच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. आईच्या दम्यापुढे तो विचार तेथेच थांबला. बजरीगरचाही थोडा धुरळा असतोच, म्हणून निर्णयाआधी आईच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी पिंजरा आईच्या खोलीत न ठेवण्याच्या आणि सफाई तिने न करण्याच्या अटीवर होकार दिला.

उपचाराचा रकाना मी शेवटी भरला, पण तो सर्वांत आधी भरण्याच्या योग्यतेचा आहे. आपल्याकडील बहुतेक पशुवैद्यकांचे रोजचे काम गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचे असते. मी ज्यांना भेटलो त्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले की, बजरीगरचे नेहमीचे आजार ते पाहू शकतील, पण सरपटणारा प्राणी असेल तर पुण्याला न्यावे लागेल. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. दुर्मीळ प्राणी स्वस्तात मिळाला तरी त्याचा डॉक्टर अडीचशे किलोमीटरवर असेल, तर तो प्राणी स्वस्त नाही.

पिंजऱ्यावर मी पक्ष्यांपेक्षा जास्त खर्च केला आणि तो अगदी योग्य होता असे माझे मत आहे. दुकानातले गोल, उंच पिंजरे दिसायला सुरेख असतात, पण बजरीगर आडवा उडतो; त्याला उंचीपेक्षा लांबी लागते. फॅब्रिकेशनच्या दुकानातून मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पिंजरा अर्धा इंची वेल्डेड जाळीचा करून घेतला, त्याला चौदाशे रुपये लागले. नव्या जाळीवर जस्ताचे सुटे कण आणि थेंब असतात, पक्षी ते चोचीने खरवडतात आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. म्हणून संपूर्ण जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासली, धुतली आणि उन्हात वाळवली. बसण्यासाठी प्लॅस्टिकच्या एकसारख्या दांड्यांऐवजी कडुलिंबाच्या आणि पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावल्या, त्यामुळे पायांच्या एकाच जागी सतत दाब येत नाही. यासाठी एक पैसाही लागला नाही.

पक्षी आम्ही पूर्व भागात राहणाऱ्या, यंत्रमागावरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून घेतले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी आधी नर-मादीची जोडी आणि सोबत घरट्यासाठी मडके देऊ केले. मी दोन्ही नर मागितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब, जोडी न्या की! पिल्ले होतील, त्यातून खर्च निघेल.’’ मी त्यांना माझा हिशेब सांगितला. पिल्ले झाली की दुसरा पिंजरा आला, मादीला कॅल्शियम कमी पडून अंडे अडकले तर तातडीचा उपचार आला, आणि एवढ्या पिल्लांना चांगली घरे कोठून शोधायची हा प्रश्न उरलाच. दोन नर गुण्यागोविंदाने राहतात. अण्णांनी थोडा विचार करून मान डोलावली आणि मग स्वतःच दोन कोवळे नर निवडून काढले.

निवडताना त्यांनी मुलीला जे शिकवले ते येथे नोंदवून ठेवतो. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतील आणि डोळा पूर्ण काळा असेल, तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला समजावा. चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग कोवळ्या नरात एकसारखा गुलाबी-जांभळा असतो, तर मादीत तो फिकट असून नाकपुड्यांभोवती पांढरी कडी दिसतात. नाकपुड्या कोरड्या आणि शेपटीखालची पिसे स्वच्छ असावीत. दिवसा अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. दोन पक्ष्यांचे सातशे रुपये झाले.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहेत, कारण बजरीगरचे मुख्य अन्न म्हणजे राळे आणि बाजरी. दोन पक्ष्यांना महिन्याला अर्धा ते पाऊण किलो धान्य पुरते. नुसत्या धान्यावर त्यांना अ जीवनसत्त्व कमी पडते, म्हणून घरात भाजी निवडताना मेथी, कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला नीट धुऊन त्यांच्यासाठी बाजूला काढतो, कधी गाजर किसून देतो, आणि कॅल्शियमसाठी जाळीला समुद्रफेस (कटलफिशचे हाड) अडकवलेला असतो. एक गोष्ट प्रत्येक नवख्याला कळलीच पाहिजे : हे पक्षी दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पक्षी मात्र उपाशी राहतो. रोज टरफले फुंकून टाकून दाणे उरले आहेत का ते पाहावे. चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो, खारट पदार्थ यांतले काहीही देऊ नये. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर आहे. त्या खोलीत डास घालवण्याची कॉइल आणि धूपही आम्ही लावत नाही. पक्षी बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद करून खिडकी लावली जाते, आणि हे काम मुलीकडे आहे.

मग उन्हाळा आला. आमचे घर जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर आहे आणि दुपारनंतर छताखाली उभे राहवत नाही. पिंजरा उत्तरेच्या खोलीत भिंतीलगत हलवला आणि खिडकीला ओले पोते लावले. येथली हवा कोरडी असल्याने पोत्यातले पाणी झपाट्याने उडते आणि खोली खरोखर निवते. वीज गेली तरी हा उपाय चालू राहतो. कूलर लावला तर त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देत नाही. पाणी दिवसातून दोनदा बदलतो आणि सकाळी पसरट थाळीत अंघोळीला बोटभर पाणी ठेवतो. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्णतेच्या त्रासाची खूण आहे. अत्यंत तापलेल्या काही दुपारी दोघांनीही पंख किंचित सैल सोडले, तेव्हा पोते पुन्हा भिजवल्यावर ते पूर्ववत झाले. हाच गिनीपिग असता तर माझी छाती झाली नसती.

पक्षी आजार लपवतात, त्यामुळे ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा मी आवर्जून घेतला. दर रविवारी मुलगी दोघांचे वजन वहीत लिहिते. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात तीन-चार ग्रॅमची घट हीदेखील गंभीर बाब असते. पिंजरा, पक्षी, काटा, भांडी आणि डॉक्टरांची पहिली तपासणी धरून खर्च पाच हजारांच्या आत राहिला, उरलेली रक्कम आजारपणासाठी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे आणि महिन्याच्या तीनशेतून जे वाचते तेही त्यातच जाते.

बार्शीच्या माझ्या मेव्हण्यालाही आता आपल्या मुलांसाठी बजरीगर घ्यायचे आहेत आणि तो याच महिन्यात, भर मे मध्ये, पक्षी न्यायला निघाला होता. प्रवासाचा ताण, नवी जागा आणि ऊन हे तिन्ही एकाच वेळी त्या जिवांवर घालू नयेत, म्हणून मी त्याला दिवाळीपर्यंत थांबण्यास सांगितले आहे. पिंजऱ्याची मापे आणि अण्णांचा पत्ता त्याला दिला असून जाळी व्हिनेगरने धुण्याचे काम मात्र त्याने आत्ताच करून ठेवावे, असे बजावले आहे.