ब्रह्महृदयाची सरकलेली रेष

ती सकाळी स्टाफरूमच्या दारात आली तेव्हा तिच्या जर्नलवर मी लाल शाईने ‘निरीक्षणे पुन्हा घ्यावीत’ असा शेरा मारून सही केलेली होती. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा अहवाल द्यायला महिना-सव्वा महिना उरला होता, आणि तिच्या आठ रात्रींच्या निरीक्षणांत कुठलीच दोन एकमेकांशी जुळत नव्हती.

“सर, शेरा पाहिला. पण काढून टाकण्याआधी एकदा दाखवू का? पाचच मिनिटं.”

साडेदहाला माझा तास होता. तरी मी खुर्ची ओढून दिली, कारण ही मुलगी उगाच वाद घालणारी नव्हती. निरीक्षणाच्या रात्री एस.टी. चुकते म्हणून ती गावातल्या मावशीकडे मुक्काम करायची आणि सकाळी परस्पर कॉलेजात यायची. आठही रात्री तिने अशाच काढल्या होत्या.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. गच्चीवर आठ इंची दुर्बीण आहे आणि तिच्या मागे बसवायचा एक स्पेक्ट्रोग्राफ. त्यातल्या ग्रेटिंगवर, म्हणजे प्रकाशाचे रंग पसरवणाऱ्या पट्टीवर, एका मिलिमीटरमध्ये २४०० रेघा आहेत. ताऱ्याचा प्रकाश केसापेक्षाही बारीक फटीतून आत घ्यायचा, ग्रेटिंगवर पाडायचा, आणि पसरलेल्या रंगांचा फोटो काढायचा. रंगांच्या त्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक रेष एका मूलद्रव्याची. तारा आपल्यापासून दूर जात असेल तर रेषा लाल बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या बाजूला. आमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेग.

तिला दिलेलं काम साधं होतं. हिवाळाभर हे यंत्र किती स्थिर राहतं ते तपासायचं. त्यासाठी तारा मीच निवडून दिला होता, ब्रह्महृदय. सारथी तारकासमूहातला हा पिवळा तारा सगळ्या आकाशात तेजाने सहावा. सूर्यसिद्धान्तातही त्याचा याच नावाने उल्लेख आहे. हिवाळ्यात रात्री आठ-नऊला तो उत्तरेकडे चांगला उंच असतो, एकेका मिनिटाच्या फोटोत भरपूर प्रकाश देतो, आणि त्याचा वर्णपट सूर्यासारखा असल्यामुळे मुलांना दिवसाच्या उन्हाशी ताडून पाहता येतो.

पण तिच्या फोटोंत हायड्रोजनच्या लाल रेषेशेजारची लोखंडाची एक रेष नोव्हेंबरअखेरपासून चौदा पिक्सेल सरकली होती. ज्या यंत्राची स्थिरता तपासायची त्याची रेष चौदा पिक्सेल सरकते म्हटल्यावर यंत्रच हललं, असं मी धरून चाललो होतो.

“पृथ्वीची गती वजा केलीस का?” मी विचारलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना डिसेंबरच्या मध्यापर्यंत या ताऱ्याकडे जात असते आणि नंतर त्याच्यापासून लांब. तिच्या पहिल्या ते आठव्या रात्रीच्या ५२ दिवसांत एवढ्याने सेकंदाला २४ किलोमीटरचा फरक पडतो.

“केली सर. चौदातले पाच पिक्सेल त्यात गेले. साडेनऊ राहिले.”

“मग दिव्याचा घोटाळा आहे.” मोजपट्टी म्हणून आम्ही निऑनचा दिवा वापरतो. तो बाजूने आत सोडलेला असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश ताऱ्याच्या प्रकाशाच्या वाटेने येत नाही. नोव्हेंबरची रात्र वेगळी, जानेवारीची कडाक्याची रात्र वेगळी. थंडीने धातू आकसतो आणि मोजपट्टी तेवढी खोटी ठरते. माझा शेरा याच समजुतीवर होता.

तिने काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आठ रात्रींचे आठ पट्टे तिने एकाखाली एक लावले होते. त्यांतल्या चार-पाच अगदी किरट्या रेषांवर पेन्सिलचं टोक ठेवून ती म्हणाली, “या ताऱ्याच्या नाहीत सर. आपल्या हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या आहेत. ताऱ्याचा प्रकाश हवेतून खाली येतो तेव्हा त्यात उमटतात आणि त्याच फटीतून, त्याच वाटेने आत येतात. यंत्र हललं असतं तर याही हलल्या असत्या ना?”

मी पट्टे वरपासून खालपर्यंत पाहिले. वाफेच्या रेषा ओळंबा लावल्यासारख्या सरळ खाली उतरत होत्या. अर्धा पिक्सेलसुद्धा फरक नव्हता. आणि त्यांच्याच शेजारून लोखंडाची रेष प्रत्येक पट्ट्यात थोडी थोडी लाल बाजूला जात होती.

तिने मग ग्राफपेपर काढला. ताऱ्याचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये: ६, ९, १७, २७, ३६, ४५, ५१, ५४. सुरुवातीला सावकाश, मध्ये भराभर, शेवटी पुन्हा सावकाश. यंत्राच्या चुकीला असा आकार नसतो. चूक वेडीवाकडी असते. हा झोक्याचा आकार होता.

“आणि सर, हे पण.” तिने लोखंडाची रेष मोठी करून दाखवली. रेष दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. एक बाजू तीव्र खाली गेलेली, दुसऱ्या बाजूला उथळ, पसरट उतार. “हा उतार पहिल्या रात्री लाल बाजूला आहे. शेवटच्या रात्री निळ्या बाजूला. मधल्या रात्री नाहीच.”

हा उतार मी आधी पाहिला होता, आणि फोकस नीट नाही म्हणून तिला बोललोही होतो.

पुढचं ती बोलली नाही, माझ्याच लक्षात आलं. ब्रह्महृदय एक तारा नाही. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो आहे! १८९९ मध्ये अमेरिकेत लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि इंग्लंडमध्ये केंब्रिजचे न्यूअल या दोघांनी स्वतंत्रपणे, वर्णपटातल्या अशाच हलत्या रेषांवरून तो जोडतारा असल्याचं ओळखलं. पण वर्गात त्याच्यापुढचं वाक्य मी नेहमी असं जोडायचो, की हे दोन तारे इतके चिकटून आहेत की दुर्बिणीत वेगळे दिसत नाहीत. ते खरंच आहे. काश्मीरच्या टोकाला कोणी दोन हातांच्या अंतरावर दोन दिवे धरावेत आणि आपण ते कन्याकुमारीहून वेगळे ओळखावेत, एवढं ते काम कठीण. १९१९-२० मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर व्यतिकरणाची, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याची, युक्ती वापरून अँडरसन यांनी त्यांच्यातलं अंतर मोजलं, आणि दोघांचं वेगवेगळं चित्र मिळायला १९९५ साल उजाडावं लागलं. तेही केंब्रिजला, अनेक छोट्या दुर्बिणी एकत्र जोडून. हे सगळं मला पाठ होतं. ‘आपल्याला दिसणार नाही’ हे वाक्य इतकी वर्षं म्हणून म्हणून आपल्या गच्चीवरून ते दिसत असेल ही शंकाही मला शिवली नव्हती. ती मात्र आठ रात्री तेच टिपत होती.

साडेदहाची घंटा झाली. मी तिच्यासमोरच शेऱ्यावर आडवी रेघ मारली, खाली ‘निरीक्षणे ग्राह्य. शेरा चुकीचा होता.’ असं लिहिलं आणि तारीख घालून सही केली. शिपाईमामांना निरोप दिला, आज रात्री गच्ची उघडी हवी.

संध्याकाळी सातला आम्ही वर गेलो. गळीत हंगाम चालू होता, हवेत मळीचा वास, उत्तरेच्या क्षितिजावर साखर कारखान्याच्या दिव्यांचा पिवळट उजेड. ब्रह्महृदय त्या उजेडाच्या कितीतरी वर होता. वीज गेलेली, म्हणून लॅपटॉप आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर. ती फटीवर तारा आणत होती. पडद्यावर फटीची काळी चीर दिसते, तिच्या दोन्ही कडांना ताऱ्याचा प्रकाश सांडतो, आणि हवा थरथरते तसा तो ठिपका चिरेत शिरतो, निसटतो, पुन्हा शिरतो. बटणावर एक बोट ठेवून ती त्याला हळूहळू मध्ये धरून ठेवत होती. एकेक मिनिटाचे वीस फोटो घेतले. मधल्या वेळात बोलायला सवड होती.

त्या उताराचा अर्थ मी तिला समजावला. बारीक, खोल रेष एका ताऱ्याची आणि पसरट, उथळ रेष दुसऱ्याची. पहिला तारा स्वतःभोवती एक फेरी मारायला सुमारे १०४ दिवस घेतो. दुसरा साडेआठ दिवसांत गरकन फिरतो. त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, म्हणून त्याची प्रत्येक रेष दोन्हीकडे ओढली जाऊन पसरते. दोघे एकमेकांभोवतीही १०४ दिवसांतच फिरतात, जवळजवळ अचूक वर्तुळात. एक लांब जात असतो तेव्हा दुसरा जवळ येत असतो, म्हणून उतार बाजू बदलतो. तिच्या पहिल्या आणि आठव्या रात्रीत ५२ दिवस होते, बरोबर अर्धी फेरी.

“म्हणजे सर, दोघं सारखेच झोके घेतायत. मग वजनही सारखंच?”

जवळजवळ. एकाचं वस्तुमान सूर्याच्या २.५७ पट, दुसऱ्याचं २.४८ पट. शंभराला साडेतीनचा फरक. मला या ताऱ्यांबद्दल सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हेच. सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी दोघे एकाच वेळी जन्मले. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा होऊनही अजून गाभ्यातलं हायड्रोजन जपून जाळतो आहे, आणि या दोघांचं ते केव्हाच संपलं, कारण जड तारा इंधन फार भराभर जाळतो. हायड्रोजन संपलं की तारा फुगतो, राक्षसी तारा होतो. पहिल्याचा व्यास आज सूर्याच्या १२ पट आहे, दुसऱ्याचा जवळजवळ ९ पट. एकेक तारा सत्तरहून जास्त सूर्यांइतका प्रकाश देतो. पण त्या साडेतीन टक्क्यांमुळे पहिला वाटेत पुढे निघून गेला. तो फुगून, थंडावून आता गाभ्यात हेलियम जाळत स्थिरावला आहे, पृष्ठभाग ५००० केल्विनच्या किंचित खाली. दुसरा अजून फुगण्याच्या मधल्या टप्प्यात आहे, तापमान ५७०० च्या वर, म्हणजे आपल्या सूर्याइतकंच. तारुण्यातली गरगर त्याच्यात अजून उरली आहे. पहिल्याची सरली. पहिल्याच्या पृष्ठभागावरचं लिथियमही आतल्या ढवळण्यात बहुतेक नष्ट झालं आहे, दुसऱ्याचं टिकून आहे. ताऱ्याच्या आयुष्यात हा मधला टप्पा इतका थोडका असतो की त्यात कोणी सापडणं हीच दुर्मीळ गोष्ट. इथे तर तो त्याच्या पुढे गेलेल्या जोडीदाराशेजारीच सापडतो. आणि दोघांमधलं अंतर केवढं, तर सूर्य आणि शुक्र यांच्यात आहे साधारण तेवढंच, ११ कोटी किलोमीटर.

मामा चहा घेऊन वर आले. त्यांना शेजारच्या छोट्या दुर्बिणीतून ब्रह्महृदय दाखवला.

“एकच तर दिसतोय सर.”

“दोन आहेत मामा,” ती म्हणाली. “एक जरा थोरला, तो निवांत फिरतो. धाकटा गरगर फिरतो. आणि लांब दोन लहानगेही आहेत, तांबडे, आपल्याला दिसत नाहीत.”

ते लहानगे कुठे आहेत हे मामांनी विचारलं, आणि तिने सांगितलं तेही बरोबर होतं: पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण दहा हजार पट दूर, दोन फिकट तांबडे खुजे तारे, एकमेकांभोवती फिरणारे. चौघांचं मिळून एक घर. ती हे सगळं दुपारी ग्रंथालयात बसून वाचून आली होती. मामांनी पुन्हा एकदा डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

रात्री साडेअकराला नवव्या पट्ट्यातून वेग निघाला: ५३. झोका टोकाला पोचला होता. तिथेच, गच्चीच्या कठड्यावर वही ठेवून, टॉर्चच्या उजेडात तिने पुढचं लिहिलं. टोकापासून पाव फेरी म्हणजे २६ दिवस. त्या रात्री दोन्ही ताऱ्यांचा आपल्या दिशेतला वेग सारखा असेल. दोन्ही रेषा एकमेकींवर बसतील, उतार दिसेनासा होईल, आणि वेग या अख्ख्या जोडीचा असेल तोच निघेल, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. तारीख लिहून तिने खाली माझी सही घेतली. निरीक्षणाच्या आधीच आकडा लिहून ठेवायचा, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री संध्याकाळपासून पातळ ढग होते. नऊ वाजता उत्तरेकडून आभाळ मोकळं झालं. फोटो वीसच्या ऐवजी अकराच मिळाले. रेष दोन्ही बाजूंनी सारखी होती, मधोमध खोल, उतार कुठेच नव्हता. तिने गणित दोनदा केलं आणि वहीतल्या आधी लिहिलेल्या ३० च्या शेजारी मिळालेला आकडा लिहिला, ३१.