थ्री कार्ड पोकर सराव, आठवडा तिसरा: राणी-सहा-चार

या आठवड्यात रोज रात्री जेवणं झाल्यावर ताईला डीलर करून बसवलं, पैसे नाहीत, नुसते चिंचोके. एकूण २०० डाव झाले आणि सगळे वहीत लिहिलेत.

नवीन आलेल्यांसाठी या कॅसिनोतल्या खेळाचे नियम थोडक्यात. आधी अँटे (पत्ते बघण्याआधीची पैज) लावायचा, मग तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन. आपले बघून एकतर पॅक करायचं (अँटे गेला) किंवा अँटेएवढाच प्ले लावायचा. डीलरकडे निदान राणी पाहिजे, नसेल तर आपल्याला अँटेवर एकास एक मिळतात आणि प्ले नुसता परत. राणी किंवा वरचं असेल तर पत्ते भिडतात, जिंकलो तर दोन्हीवर एकास एक, हरलो तर दोन्ही गेले.

मी हॉस्टेलपासून तीन पत्ती खेळत आलोय त्यामुळे पहिले दोन आठवडे माझी गडबड व्हायची ती ट्रेलवर (तीन एक्के, तीन राण्या असे सारखे तीन पत्ते). आपल्याकडे ट्रेल सगळ्यात वर, इथे प्युअर सीक्वेन्स (एकाच चिन्हाचे ओळीने तीन पत्ते) वर. मग बसून मोजलं, तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात ट्रेल ५२ आणि प्युअर सीक्वेन्स ४८, म्हणजे जे दुर्मिळ ते वर, हे मला फार आवडलं. सीक्वेन्स (ओळीने तीन, चिन्हं वेगळी) ७२०, कलर (एकाच चिन्हाचे, ओळीने नसलेले) १,०९६, जोडी ३,७४४, त्यामुळे खालचा क्रम आपल्यासारखाच. फक्त एक्का-दुरी-तिरी इथे सगळ्यात लहान सीक्वेन्स, आपल्याकडे ती दोन नंबरला असते तशी नाही.

आता मुख्य गोष्ट. राणी-सहा-चार किंवा त्याच्या वरचं काहीही आलं तर खेळायचं, खाली असेल तर पॅक. राजा, एक्का, जोडी आली की विचारच नाही, राणीसोबत सत्ती किंवा मोठं पान असेल तरी तिसरं पान बघायची गरज नाही. राणी-सहा-तीन पॅक. कारण साधं आहे, पॅक केलं तर एक अँटे नक्की जातो, म्हणून खेळून सरासरी त्याहून कमी जात असेल तरच खेळायचं आणि ती रेषा बरोबर इथे पडते. एवढं पाळूनही अँटेवर कॅसिनोची बाजू साधारण ३.४ टक्के जड राहतेच. आणि ब्लाइंड (पत्ते न बघता) खेळायची सवय इथे पूर्ण सोडा, डीलरला काही ठरवायचंच नसतं, मग तो घाबरून पॅक करणार तरी कसा!

२०० डावांत माझ्या ९ चुका, सगळ्या गुलामावर. गुलाम-दहा दिसले की हात जातोच पुढे. मागच्या आठवड्यात २३ होत्या, त्यामुळे खूप बरं वाटलं.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचं आहे, तिथे बसण्याआधी टेबलावरच्या कापडावर पेअर प्लसचे (आपल्याला जोडी किंवा वरचं येईल का यावरची वेगळी पैज) दर वाचणार. प्युअर सीक्वेन्स ४०, ट्रेल ३०, सीक्वेन्स ६, जोडी १ हे तसंच ठेवून कलरला ४ देत असतील तर कॅसिनोचा वाटा २.३ टक्के, ३ देत असतील तर थेट ७.३. पुढचा आठवडा पेअर प्लसच लिहून काढतो, ताई तयार आहे.